ऑप्शनला टाकलेला धडा

टाळ्या पुरे. बसा सगळे. हातातले फोन पालथे घालून समोर ठेवा, मला दिसतील असे. पत्रिकेत तुम्ही छापलंय, 'बाईंचे दोन शब्द'. दोन शब्दांत माझं भागणार नाही आणि त्यात कौतुकाचा एकही नसेल. कौतुक हवं असेल तर चित्रकलेचे सर दुपारी येताहेत, ते सगळ्यांचंच करतात.

तुमच्या दहावीच्या ग्रुपवर मलाही घेतलंत. मी तिथे बोलत नाही, वाचते. लवासातला हा बंगला ठरला त्या संध्याकाळी तुमच्यापैकी एकाने लिहिलं, 'केअरटेकरला आयडी द्यायचेत, सगळ्यांनी आधार टाका.' झालं! ज्या वर्गाकडून निबंधाच्या वह्या वसूल करताना माझा जीव मेटाकुटीला यायचा, त्या वर्गाने रात्रीच्या जेवणाआधी आधारकार्डं टाकून दिली. पुढची बाजू, मागची बाजू, पत्ता, जन्मतारीख, बारा आकडे, सगळं स्वच्छ उजेडात. कुणी बायकोचं टाकलं, कुणी पोरांची टाकली. एकीने सासूबाईंचं टाकलं, आणि सासूबाई येणारच नव्हत्या. संक्रांतीचं वाण लुटावं तशी कार्डं लुटलीत. 'कशाला हवीत?' असं विचारणारा एकही मेसेज त्या ग्रुपवर नाही. मी वर जाऊन पुन्हा शोधला.

आज सकाळी केअरटेकरला मीच विचारलं, "का रे, एवढी कार्डं कशाला लागतात तुला?" तो म्हणाला, "बाई, मालक म्हणतात एकाचं घ्या, वहीत नाव लिहायला. बाकीची यांनी आपणहून पाठवली." ऐकलंत? एकाचं! मग तुमची कार्डं पोचली आहेत हे पटवायला त्याने फोनमधली गॅलरीच उघडली. तुमच्या आधी येऊन गेलेल्यांची कार्डं, त्यांच्या आधीच्यांची, नवीन लग्न झालेल्या जोडप्यांची, कुणाच्या आजोबांची, आणि मधूनमधून त्याच्या मुलाच्या बारशाचे फोटो. माणूस भला आहे, चहाही चांगला करतो. त्याला दोष द्यायला मी उभी नाही. पण त्याचा फोन उद्या पिरंगुटच्या स्टँडवर कुणी मारला, तर तुमच्या घरातली झाडून सगळी माणसं त्या चोराच्या खिशात गेली. तुम्हाला ते कधी कळणारही नाही.

तुम्हाला मी अडाणी म्हणणार नाही. अडाणी माणसावर मी जन्मात रागावले नाही. तुमच्यात दोघं हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितात. एक बँकेत अधिकारी आहे, जो दर सणाला 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असं रंगीत चित्र पाठवतो आणि ज्याने स्वतःच्या दोन्ही मुलींची कार्डं सगळ्यात आधी टाकली. एक वकील आहे. वकीलसाहेब, मान वर करा, छताकडे काय बघताय? तुम्हाला सगळं माहीत आहे. तुम्ही विचारलं नाहीत ते भिडेपोटी. मित्राने मागितलं, आपण कसं विचारायचं. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर मागितला, मागे रांग आहे, कसं नाही म्हणायचं. भीड ही भिकेची बहीण असते हे तुमच्या आज्यांना ठाऊक होतं. दुकानदाराने बिलासाठी फोन नंबरची सक्ती करू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये बजावलं होतं. त्यानंतर तुमच्यापैकी कितीजणांनी दुकानात 'नंबर देणार नाही' असं म्हणून पाहिलं? हात वर करा. बघा, हातच नाहीत!

आधारचं म्हणाल, तर त्यात हॉटेलांचा उल्लेखही होऊन गेलाय. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. हॉटेलं, चित्रपटगृहं अशा परवाना नसलेल्या खासगी ठिकाणांना आधारच्या प्रती घेऊन ठेवता येत नाहीत, असंही त्यात होतं. देशभर गडबड उडाली, कारण तोवर सगळ्यांनी सगळीकडे झेरॉक्सा वाटून झाल्या होत्या. दोन दिवसांत, २९ मेला, सरकारने ते पत्रक मागे घेतलं. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे. उरलं काय, तर नेहमीची सावधगिरी बाळगा एवढा सल्ला. मला त्या माघारीचा राग आला होता. पण पत्रक मागे घेतलं तरी त्यात सुचवलेली सोय जागेवर आहे. पहिले आठ आकडे झाकलेलं आणि शेवटचे चारच दिसणारं आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं, फुकट. मी आज तेच दाखवलं. केअरटेकरने नाव पाहिलं, वहीत लिहिलं, संपलं. ज्यांच्याकडे असं झाकलेलं आधार आहे त्यांनी हात वर करा म्हटलं तर इथे पुन्हा तेच होईल, म्हणून विचारत नाही.

या कार्डाची सुरुवात आपल्या राज्यात झाली हे तरी आठवतंय का? २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली. पंतप्रधान स्वतः आले होते. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये या योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. त्या खटल्यात भारत सरकारच्या महान्यायवादींनी २०१५ मध्ये सांगितलं, की खासगीपणा असा काही मूलभूत हक्क घटनेत नाहीच. म्हणून नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसलं, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी सांगितलं, आहे. कलम २१ मध्येच आहे, जगण्याच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे.

कलम २१! मूलभूत हक्कांचा धडा. वीस मार्कांचं नागरिकशास्त्र म्हणून तुम्ही तो ऑप्शनला टाकायचात. 'बाई, यावर एकच प्रश्न येतो' असं मला तोंडावर सांगायचात. त्या निकालातलं मुख्य निकालपत्र लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी. चंद्रचूड कुठले? आपल्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारने माणसाला विनाकारण डांबलं तरी त्याला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. तो देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मुलाने २०१७ च्या निकालपत्रात वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. मी त्या वेळी निवृत्त झाले होते. नसते झाले, तर तो धडा तुमच्या धाकट्या भावंडांना तासभर शिकवला असता, मार्क असोत नसोत. एका मुलाने बापाची चूक सर्वोच्च न्यायालयात बसून दुरुस्त केली तो हक्क तुम्ही बंगल्याच्या बुकिंगसाठी एका मेसेजवर सोडून दिलात, आणि सोबत एका म्हातारीचाही सोडलात, तिला न विचारता.

न विचारता. हा शब्द या तालुक्यात तरी जपून वापरा. तुमच्यातल्या निम्म्यांची आडनावं मुळशी पेट्यातली आहेत. १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट पुढे होते. मुंबईला वीज हवी म्हणून इथल्या भातखाचरांवर पाणी येणार होतं. सरकारने कायदा कंपनीच्या बाजूने वापरला. माणसं तुरुंगात गेली, धरण तरीही झालं, गावं बुडाली. त्या माणसांचं म्हणणं एवढंच होतं: आमचं आहे, आम्हाला न विचारता कसं घेता? पुढे या मोसे खोऱ्यात, जिथे आत्ता आपण बसलोय, त्या दासव्यात पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगीत घरं उठली, आणि या जमिनी कशा घेतल्या यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यात मी शिरत नाही, तो आजचा विषय नाही. पण वाचून न दाखवलेल्या कागदावर उठलेला अंगठा किती महाग पडतो, हे मुळशीकराला बाहेरच्याने येऊन सांगायची गरज नसावी. तुमच्या पणजोबांना कुणी विचारलं नाही म्हणून ते भांडले. तुम्हाला दिवसातून कितीदा विचारतात, 'आपण सहमत आहात का?' आणि तुम्ही खालपर्यंत सरकवून, एक ओळ न वाचता, अंगठा टेकवता.

अंगठ्यावरून सांगते, हे नीट ऐका, विशेषतः ज्यांच्या घरी जमिनीचे दस्त झालेत त्यांनी. दस्तावर अंगठ्याचा ठसा असतो. देशात इतरत्र भामट्यांनी नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलले, त्यांचे रबरी ठसे केले आणि आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या यंत्रावर ते टेकवून लोकांची खाती रिकामी केली. ओटीपी नाही, पिन नाही, फोन नाही. ज्याचे पैसे गेले तो घरी झोपला होता. पासवर्ड गेला तर बदलता येतो, अंगठा कसा बदलाल? म्हणून आधारमध्ये बोटांच्या ठशांना कुलूप घालायची सोय दिली आहे. ॲपमधून घालायचं, लागेल तेव्हा काढायचं. आईवडिलांच्या आधारला आज संध्याकाळी कुलूप घाला. आणि संचार साथी म्हणून सरकारचं संकेतस्थळ आहे, तिथे आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. बघा एकदा. तुमच्या झेरॉक्सवर कुणी सिम घेतलं असेल तर तिथे कळेल, आणि 'हे माझं नाही' असं तिथल्या तिथे कळवताही येईल.

आता वकीलसाहेबांनी सांगायला हवं होतं ते मी सांगते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशाने वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा केला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरच्या खऱ्या जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७. सरकारी कारभार! पण त्यात काय लिहिलंय ते वाचा. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, अटीवर अडवून घेतलेली चालणार नाही. कशासाठी घेतली ते नेमकं सांगितलेलं हवं, आणि त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. कायद्यातच एक उदाहरण दिलंय. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं ॲप तुमच्या आजाराच्या माहितीबरोबर फोनमधली नावांची यादीही मागतं, तुम्ही दोन्हीला हो म्हणता. तरीही यादीपुरता तुमचा होकार कायदा मानत नाही, कारण औषध सांगायला तुमच्या नातेवाइकांचे नंबर लागत नाहीत. म्हणजे बघा, तुम्ही बेसावध असाल हे गृहीत धरून कायदा करणाऱ्याने तुमची बाजू आधीच राखली आहे.

आणखी एक. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, हेही ऑप्शनला टाकलं होतंत का? मराठीचा अभिमान फेटा बांधून मिरवता, तर मग कंपनीकडे मराठीत सूचना मागा. आणि दिलेली संमती परत घेता येते. जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, असं कायद्यात आहे. माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे, कुणाकुणाला दिलीत, हे विचारता येतं. चुकीची दुरुस्त करून घेता येते, काम संपल्यावर पुसून टाका म्हणता येतं. आपण गेल्यावर हे हक्क कुणी वापरायचे, त्याचं नावही नेमून ठेवता येतं.

या कायद्यावर माझा रागही आहे, तोही सांगून टाकते. माहिती नीट सांभाळली नाही म्हणून कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो; ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात या कायद्याने दमडी येत नाही. भरपाई मागायची सोय २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात होती, कलम ४३अ. तेच कलम हा नवा कायदा काढून टाकतो. सरकारने स्वतःला सवलती ठेवल्यात भरपूर. आणि याच कायद्याच्या आडून माहिती अधिकाराचं एक कलम असं बदललं, की 'ही वैयक्तिक माहिती आहे' म्हणत अधिकाऱ्याला उत्तर टाळता यावं. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी माहितीचा अधिकार आणला त्याला हे झोंबायला हवं. तुमच्यापैकी कुणाला झोंबलं? तुमच्या ग्रुपवर तेव्हा मिसळ कुठली चांगली यावर वाद चालला होता.

आणि कायदा कुठे हात वर करतो तेही लक्षात ठेवा. जी माहिती तुम्ही स्वतः जगजाहीर केलीत, तिला या कायद्याचं संरक्षण नाही. काल टेमघरचा घाट चढताना तुम्ही फोटो टाकलेत, कुटुंबासह, ठिकाणाच्या नावासह, 'रविवारपर्यंत नो टेन्शन' असं लिहून, सगळ्या जगाला दिसेल असे. नो टेन्शन कुणाला, घरी येणाऱ्या चोराला? मुलांचं तर विचारूच नका. मुलगी शाळेच्या गणवेशात, खिशावर शाळेचं नाव, खाली तिचं टोपणनाव आणि वाढदिवस. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला कंपनीला पालकांची खातरजमा केलेली संमती लागेल, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत, असा हा कायदा सांगतो. कंपन्यांना मुलांपासून दूर ठेवायला त्याने दारात तुम्हाला बसवलंय आणि तुम्हीच मुलांना उचलून चव्हाट्यावर नेऊन ठेवताय.

ती जुने फोटो नवे करून देणाऱ्या ॲपवाली कुठे आहे? हां, तू. शाळेच्या सहलीचा फोटो छान केलास, मी दहावेळा पाहिला. पण त्या ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले आणि तू दिलेस. त्यात माझा नंबर आहे, तुझ्याकडे माझं नाव 'बाई, मुठा' असं आहे, म्हणजे गावही गेलं. हल्ली मला बिनव्याजी कर्ज देणारे फोन येतात ते त्याच ॲपमुळे, असं मी म्हणणार नाही. पुरावा नसताना दोष द्यायचा नाही हे मीच शिकवलंय. पण माझा नंबर देण्याआधी मला विचारायचं होतंस. स्वतःची माहिती उधळता तेव्हा तुमच्यासोबत तुमच्या यादीतल्या सगळ्यांची जाते. तुमच्या भिडेची किंमत आम्ही का भरायची?

आता या गावाकडे बघा. सरोवर छान आहे, फोटो काढून झाले असतील. ज्या कंपनीने हे उभं केलं ती ऑगस्ट २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. २०२३ साली अठराशे कोटींवर रकमेची सुटकेची योजना मंजूर झाली, पुढे तीही फिसकटली. तुमच्यातल्या एकाने इथे घर नोंदवलं होतं, त्याला सगळे मिळून चिडवता, ते मला आवडत नाही. पण त्याला माझा एक प्रश्न आहे. घर नोंदवताना तू पॅनकार्ड दिलंस, पगाराचे कागद दिलेस, बँकेचे उतारे दिलेस, बायकोचा फोटो दिलास. पैशांसाठी तू मुंबईच्या चकरा मारल्यास. ते कागद आता कुणाच्या संगणकात आहेत, हे कधी कुणाला विचारलंस? नाही ना? कंपनी बुडते तेव्हा तिची खुर्च्याटेबलं विकतात, तशी ग्राहकांची यादीही विकाऊ माल असू शकते. अमेरिकेत थुंकी तपासून वंशावळ सांगणारी ट्वेंटीथ्री अँड मी नावाची कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा दीड कोटीच्या आसपास लोकांची जनुकीय माहिती विक्रीला निघाली. तिकडची सरकारं लोकांना सांगत सुटली, तुमची माहिती आधी पुसून घ्या. इथून पलीकडेच ख्राइस्ट विद्यापीठाचं आवार आहे, तिथे पोरं डेटा सायन्स शिकतात. त्यांतल्या कुणालाही विचार, जुन्या ग्राहकयादीची किंमत काय असते ते.

एक शेवटचं, आणि हे मी हळू आवाजात सांगणार आहे. तुमच्यापैकी एकाचे गेल्या वर्षी पैसे गेले. कोण ते विचारू नका, इकडेतिकडे बघू नका. त्याने मला महिन्याने सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं, बँकेला नाही, पोलिसांना नाही. लाज वाटली म्हणे. अरे, लाज चोराला वाटू दे! २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या पोरांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे पिन मिळवून साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांवर वळवले होते. कुठलंही यंत्र फोडलं नव्हतं. गोड बोलून ग्राहकांचा विश्वास कमावला, आणि शिकल्यासवरलेल्या माणसांनी पिन सांगून टाकले. फसणं हे मूर्खपणाचं लक्षण नाही. फसल्यावर गप्प बसणं आहे.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर तुमच्यावरची रक्कम मर्यादित. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे प्रत्येक तासाला किंमत आहे. बँकसाहेब, रंगीत चित्राऐवजी हे पाठवत जा. आणि अशी फसवणूक कळवायचा १९३० हा नंबर आत्ता फोनमध्ये घाला. तोंडाने म्हणा, एकोणीसशे तीस. मिठाचा सत्याग्रह, म्हणजे सनावळी पाठ असलेल्यांना तरी आठवेल.

'बाई, चूक आपलीच असेल तर कुणाच्या दारात जायचं?' असं त्याने मला विचारलं होतं. २०१३ चं पुण्याचं प्रकरण सांगते. एका व्यावसायिकाने बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलला उत्तर दिलं आणि खात्यातून ८० लाखांवर गेले. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे गेला. त्या कायद्यात हे सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि त्यांच्यापुढे पाच कोटींपर्यंतचा दावा चालतो. त्यांनी दोन्ही बाजूंच्या चुका मोजल्या. ईमेलला उत्तर दिलंस ही तुझी चूक, पण पैसे ज्या खात्यांत गेले ती उघडताना तुम्ही नीट तपासणी केली नाहीत ही बँकेची. पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायचा आदेश झाला. स्वतःची चूक कबूल असूनही तो माणूस दारात गेला, म्हणून मिळाले. तू गेला नाहीस. उद्या जा. वकीलसाहेब सोबत येतील, फी घेणार नाहीत. घेणार नाही ना हो?

चला, कागद काढा. नाहीत? पत्रिकेची मागची बाजू कोरी आहे, तीच घ्या. हे पत्र बंगल्याच्या मालकांना जाणार आहे, म्हणून नीट ऐकून लिहा. 'महोदय, आपल्या बंगल्यातील मुक्कामासाठी माझ्या व माझ्या कुटुंबीयांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे आपल्या कर्मचाऱ्याच्या फोनवर पाठवण्यात आली. मुक्काम संपल्यानंतर ती ठेवण्याचे कारण उरत नाही.' कारण उरत नाही, पूर्णविराम. 'ती फोनमधून व इतरत्र साठवली असल्यास तेथूनही पुसून टाकावीत, कोणास पुढे पाठवली असल्यास त्यांची नावे कळवावीत, आणि पुसल्याचे सात दिवसांत लेखी कळवावे.' ज्यांनी दुसऱ्याचं कार्ड पाठवलंय त्यांनी ज्याचं त्याला विचारून त्याच्या नावाने वेगळं पत्र करायचं. घर नोंदवलेल्याने हेच पत्र त्या कंपनीकडेही पाठवायचं, 'मुक्काम' खोडून 'नोंदणी' लिहायचं. वहीतल्या नोंदीबद्दल भांडू नका, नवा कायदा कागदावरच्या वहीला लागत नाही, फोनमधल्या फोटोला लागतो. खाली तारीख, गाव, पूर्ण नाव. फोन नंबर लिहायचा नाही. लिहून झालं की एकेकाने माझ्याकडे आणा, ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील त्यांना पुन्हा लिहायला लावीन.